निकालाची प्रत आणि कैद्याची पोच

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर वळसंग लागते. दक्षिण सोलापूर तालुक्यातील या गावी पोलीस ठाणे आहे आणि आसपासच्या मुलखात मराठीबरोबर कानडीही घरोघरी बोलली जाते. अशा मुलखातील एखाद्या शेतमजुरावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याचा पुढील मार्ग जवळजवळ ठरलेला असतो. ठाण्याची कोठडी, सोलापूरचे न्यायालय, जिल्हा कारागृह आणि शिक्षा मोठी झाली तर बहुधा येरवडा. या वाटेवर त्याच्या हाती पडणाऱ्या कागदांपैकी सर्वांत मोलाचा कागद कोणता? पुष्कळ वाचक जामिनाचा हुकूम असे उत्तर देतील. प्रस्तुत लेखकाच्या मते तो मान निकालाच्या प्रतीचा आहे. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपील करण्यास साठ दिवसांची मुदत असते. आपल्याला कोणत्या कारणांनी दोषी ठरवले, हेच ज्याला कळले नाही, त्याने अपिलात लिहावे तरी काय?

हा साधा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो महाराष्ट्रातूनच, आणि ज्याच्यामुळे आला तो मनुष्य सहानुभूती वाटावी असा मुळीच नव्हता. माधव हयवदनराव होसकोट हे सौराष्ट्र विद्यापीठात प्रपाठक होते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा शिक्का त्यांनी मुंबईच्या एका ब्लॉक करणाऱ्याकडे बनवावयास टाकला आणि त्यासाठी विद्यापीठाच्या नावाचे खोटे अधिकारपत्रही तयार केले, असा त्यांच्यावरील आरोप होता. उद्देश अर्थातच बनावट पदव्यांचा. सत्र न्यायालयाने त्यांना न्यायालय उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढ्यावर सोडले. उच्च न्यायालयाने १९७३ साली ती शिक्षा तीन वर्षांच्या सक्तमजुरीवर नेली. होसकोट यांनी शिक्षा पुरी भोगली आणि चार वर्षांहून अधिक उशिराने ते सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालाची प्रत आपल्याला वेळेवर मिळालीच नाही, ही त्यांची तक्रार होती. प्रत १९७३ सालीच तुरुंगाकडे पोहोचली होती. ती कैद्याला दिली होती, पण दयेच्या अर्जासोबत जोडण्यासाठी परत घेतली, असे तुरुंगाचे म्हणणे पडले. मात्र प्रत दिल्याची, कैद्याच्या सहीची पोच कोठेही नव्हती.

कचेरीत आयुष्य घालवलेल्या वाचकांना यातील मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. आवक-जावक वहीत नोंद नाही, तो कागद पोहोचलाच नाही असे आपण मानतो. न्या. कृष्ण अय्यर यांनी १७ ऑगस्ट १९७८ रोजी दिलेल्या निकालात नेमके हेच तत्त्व तुरुंगाच्या दारात नेऊन ठेवले. कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने ती देऊन लेखी पोच घेतली पाहिजे. आणि वकील करण्याची ऐपत नसेल तर न्यायाच्या हितासाठी त्याला वकील दिला पाहिजे. व्यक्तिस्वातंत्र्य कायद्याने ठरविलेल्या पद्धतीनेच हिरावता येते, आणि अपिलाची खरीखुरी संधी हा त्या पद्धतीचाच भाग होय, अशी ही विचारसरणी आहे. होसकोट यांचा स्वतःचा अर्ज मात्र फेटाळला गेला, आणि सुशिक्षितांच्या गुन्ह्यांकडे सत्र न्यायालयाने इतक्या सौम्यपणे पाहावे याबद्दल न्यायमूर्तींनी नापसंतीही नोंदवली.

गुन्हेगारांचे हे लाड कशाला, असा प्रश्न कोणी करील. तो अगदीच गैर नाही. ज्याच्या घरात खून पडला, त्याच्या दुःखाला कायद्याच्या पुस्तकात जागा थोडीच असते. पण देशातील तुरुंगांत दर चार बंदिवानांमागे सुमारे तीन अद्याप दोषी ठरलेलेच नसतात. आणि जे दोषी ठरले, त्यांच्याही बाबतीत चूक होते. सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द ठाऊक आहे. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना येथे तारेच्या कुंपणात डांबले जात असे. तो कायदा १९५२ साली गेला, पण संशय गेला नाही. जालना जिल्ह्यातील २००३च्या एका खटल्यात भटक्या जमातींतील सहा गरीब मजुरांना फाशीची शिक्षा झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांची फाशी उचित ठरवली. त्याच न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी त्या सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्यास राज्य सरकारला सांगितले. मधली सोळा वर्षे कोणत्या वहीत जमा धरायची?

आज कायद्याची बाजू पूर्वीहून पुष्कळ भक्कम आहे. १९९५ साली अमलात आलेल्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोठडीतील प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मागता येतो. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसू लागल्याने सोलापूर जिल्ह्यातील अपिलांना मुंबईची वाट धरावी लागत नाही. अडते ते भाषेपाशी. उच्च न्यायालयाचा निकाल इंग्रजीत असतो. मागितल्यास, शक्य असेल तर, आरोपीला त्याच्या भाषेत भाषांतर द्यावे असे कायदा सांगतो. पण मागता येते हे त्याला सांगणार कोण?

पत्रकार शीला बर्से यांच्या पत्रावरून मुंबईच्या कोठड्यांतील स्त्रियांचे हाल सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा १९८३ साली न्या. भगवती यांनी याचे उत्तर दिले होते. अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून राज्यातील प्रत्येक कोठडीत लावावेत आणि त्यांपैकी त्याला समजेल त्या भाषेत वाचूनही दाखवावेत. हा वाचून दाखवण्याचा आदेश मोलाचा. पण त्या तीन भाषांत वळसंगच्या बाजूची कानडी नाही. निकालाच्या पोचेवर आज कैद्याची सही किंवा अंगठा असतो. त्याखाली आणखी दोन रकाने हवेत: निकाल कोणत्या भाषेत समजावून दिला, आणि कोणी.