अंदाज विचारावा, पण एकेकट्याला



सन 2021-22 चा गळीत हंगाम आपण कोणी विसरलो नसू. मे महिना उजाडला तरी ऊस फडात उभा, वजन घटत चाललेले आणि टोळ्या गावाकडे परतायच्या घाईत. हंगामाच्या आरंभी राज्यातील साखरेचा अंदाज होता सुमारे 112 लाख टनांचा. प्रत्यक्षात सुमारे 137 लाख टन साखर झाली आणि शेवटची धुराडी जूनच्या मध्यावर थंडावली.

राज्याचे राहू द्या, माझ्या हाताखालचा अंदाजही चुकलाच होता. गटाच्या बैठकीत प्रथम बोलले ते एक वडीलधारे, अनुभवी गृहस्थ. "खोडवा एकरी तीस टनांवर जायचा नाही," असे ते म्हणाले. सर्वांनी माना डोलावल्या आणि मीही तोच आकडा लिहिला. मागाहून एक चिटबॉय हळूच म्हणाला, "साहेब, मला चाळीस वाटत होतं, पण अण्णांपुढं कसं बोलायचं?" वजनकाट्यावर त्याचाच आकडा खरा ठरला.

ही गोष्ट मनाला टोचत होती. गेल्या गणपतीत बोईसरला भाच्याकडे गेलो, तेव्हा तिचा उलगडा झाला. भाचा तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात नोकरीला आहे. त्याचे घरमालक पालघर तालुक्यातले भातशेतकरी. त्यांच्याबरोबर बांधावर फिरताना पैसेवारीचा विषय निघाला. पूर्वी सोळा आण्यांचे पीक धरीत, म्हणून जुनी माणसे आजही आणेवारीच म्हणतात. आता शंभर पैशांचे धरतात. तलाठी (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), सरपंच, गावचे जाणते शेतकरी अशी मंडळी मिळून पीक बघतात. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, मग सुधारित आणि पीक कापणी प्रयोगानंतर अंतिम पैसेवारी. पन्नास पैशांच्या आत आली तर गावाला टंचाईच्या सवलती मिळतात. म्हणजे नजरेच्या अंदाजावर अख्ख्या गावाचे बरेवाईट अवलंबून!

घरमालक हसून म्हणाले, "साहेब, माणूस एकटा असताना एक आकडा सांगतो न् चारचौघांत दुसराच." मला आमचा चिटबॉय आठवला.

रात्री जेवताना भाचा म्हणाला, "मामा, यावर उपाय आहे. आमच्याकडे पुढच्या वर्षी कोणत्या औषधाला किती मागणी येईल, ते असंच ठरवतात. माहीतगार माणसांना एकत्र बसवत नाहीत, चिठ्ठ्या पाठवतात. या पद्धतीला डेल्फी म्हणतात." ग्रीस देशात डेल्फी येथे पुरातन काळी देवळात भविष्य सांगत, त्यावरून हे नाव पडले. पद्धत मात्र अमेरिकेतील रँड या संस्थेची. हेल्मर आणि डाल्की या दोघांनी तिचा प्रयोग 1963 साली प्रसिद्ध केला. प्रश्न भयंकर होता: शत्रूने अमेरिकेचे शस्त्र-उत्पादन ठराविक प्रमाणात पाडायचे म्हटले, तर किती अणुबाँब लागतील? सात तज्ज्ञांना वेगवेगळे विचारले. पहिल्या फेरीत कोणी 50 सांगितले, तर कोणी 5000! मग प्रत्येकाची कारणे नाव न सांगता इतरांना कळवली आणि पुन्हा विचारले. अशा पाच प्रश्नावल्या झाल्यावर आकडे 167 ते 360 मध्ये आले. 1969 पासून अणूची वीज देणाऱ्या तारापूरच्या शेजारी बसून बाँबवरची ही हकिकत ऐकताना मौज वाटली. पण तिच्यातले शहाणपण आपल्या फडालाही लागू आहे.

यंदा आपल्या गटांतून असे करावे, असा माझा विचार आहे. प्रत्येक गटात चिटबॉय, मुकादम आणि चार-पाच जाणते ऊस उत्पादक यांनी लागण व खोडवा यांचा एकरी अंदाज आपापल्या चिठ्ठीवर लिहावा. सोबत एक ओळ कारण लिहावे: पाणी, हुमणी, तुटाळ, जे असेल ते. नाव नको. शेतकी खाते आकडे चढत्या क्रमाने मांडील आणि मधला आकडा व सर्व कारणे वाचून दाखवील. सरासरी नको, कारण एखादा अवाच्या सवा आकडा तिला ओढून नेतो. मग दुसरी चिठ्ठी. कारण पटले तर आकडा बदलावा, न पटल्यास बदलू नये. उगाच एकमत करण्याचा हट्ट नाही. दुसऱ्या फेरीनंतरही आकडे लांब राहिले, तर तो फड समक्ष पाहायचा आहे, एवढे समजले तरी पुष्कळ झाले.

एक मात्र ध्यानात असावे. सगळ्यांनीच एखादी गोष्ट नजरेआड केली, तर सगळ्यांचे एकमतही चुकीचेच निघेल. म्हणून नमुना प्लॉट तोडून वजन करणे सुटत नाही आणि हंगामाअखेर चिठ्ठ्यांचे आकडे काट्याच्या आकड्यांशी ताडून पाहणेही सुटत नाही. कोणता गट कुठे चुकला, ते याच अंकातून छापू.

अंदाज चुकला तर टोळ्या कमी पडतात, वाहने कमी पडतात आणि ऊस वाळतो तो सभासदाचा. तरी गटाची चिठ्ठी हाती येईल तेव्हा शेजाऱ्याच्या कागदात न डोकावता मनातला आकडा लिहावा आणि खात्यास सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी