आपोआप बंद पडणारा संगणक : तपासाची दिशा

स्वहस्ते जुळवलेला संगणक काम चालू असता पूर्वसूचनेवाचून बंद पडून पुन्हा सुरू झाला, म्हणजे विंडोजच्या दप्तरात, अर्थात ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद बहुधा सापडते. परंतु यंत्र रीतसर बंद झाले नाही एवढाच तिचा आशय असल्यामुळे, केवळ नावातील ‘पॉवर’वर विसंबून नवा पॉवर सप्लाय खरेदी करणे हा निव्वळ अपव्यय होय. निळा पडदा क्षणात नाहीसा होत असेल, तर ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ हा पर्याय रद्द करावा, म्हणजे त्रुटीचा संकेतांक वाचावयास सापडतो.

प्रथम संशय रॅमवर घ्यावा. एक्सएमपीने मिळणारी वाढीव गती, वेष्टनावर कितीही ठळकपणे छापलेली असली, तरी प्रोसेसरला ती मानवेलच असे नाही. सबब ती बंद करून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावा, आणि एक जरी चूक निघाली तरी ती क्षम्य न मानता रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासाव्यात. केवळ खेळ चालू असतानाच वीज तोडल्यागत यंत्र बंद होत असेल, तर मात्र पॉवर सप्लाय व ग्राफिक्स कार्डाच्या केबली पाहाव्यात.

प्रोसेसर सहसा निर्दोष ठरतो. तथापि इंटेलच्या १३व्या व १४व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजपायी झिजत असल्याचे २०२४ साली निष्पन्न झाले. त्यावरील मायक्रोकोड बायॉसच्या नव्या आवृत्तीतून मिळतो, पण झालेली हानी त्याने भरून निघत नाही. इंटेलने या प्रोसेसरांच्या हमीची मुदत २ वर्षांनी वाढवली आहे.