एचआयव्हीचा पहिला घाला आतड्यावर

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराच्या, केंद्रातून बाहेर पडणारा माणूस हातातल्या कागदावर दोनच आकडे शोधतो: सीडीफोर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, किती आणि व्हायरल लोड, म्हणजे विषाणूचं प्रमाण, किती. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो की जळगावचं शासकीय रुग्णालय, सगळी चिंता आणि सगळा दिलासा त्या दोन आकड्यांत असतो. दोन्ही रक्ताचे. या आजारातलं सर्वांत आधीचं नुकसान मात्र आतड्यात झालेलं असतं आणि त्याचा आकडा कुठल्याच कागदावर येत नाही.

रोज अन्नपाण्यासोबत परके जंतू आतड्यात उतरतात, म्हणून शरीराने आपल्या रोगप्रतिकारक पेशींचा फार मोठा वाटा तिथल्या अस्तरात ठेवला आहे. एचआयव्हीला शिरायला सोप्या असलेल्या सीडीफोर पेशीही तिथेच दाटीने असतात. संसर्ग झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू त्यांचा फडशा पाडतो, आणि त्या वेळी रक्तातला सीडीफोर बरा दिसू शकतो! माकडांमधल्या अशाच विषाणूत हे १९९८ साली दिसलं, माणसांत २००४ मध्ये. मेलेल्या पेशींत आतड्याचं अस्तर धडधाकट ठेवणाऱ्या पेशीही असतात. त्या गेल्या की जंतूंचे अंश रक्तात झिरपू लागतात. हे २००६ मध्ये समजलं. मग शरीरात आतल्या आत दाह धुमसत राहतो. गोळ्या नियमित घेणाऱ्यांतही हृदयविकाराचा धोका काहीसा जास्त का असतो, याचं एक कारण या दाहात आहे.

भारतात सरकारी केंद्रांतून एआरटी मोफत मिळू लागली एप्रिल २००४ पासून. सीडीफोर कितीही असला तरी लगेच उपचार, हे धोरण २०१७ मध्ये आलं, आणि आतड्याच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचं. कारण गोळ्यांनी रक्त सावरतं, आतडं मात्र फार हळू आणि बहुधा अपुरंच. प्रोबायोटिकच्या महागड्या कॅप्सुलांनी ही उणीव भरून निघते, असा ठोस पुरावा अजून नाही. तो पैसा डाळ, अंडी, दुधावर खर्च झालेला बरा. कळण्याची भाकरी आणि रावेर-यावलची केळी तर घरचीच आहेत.

खानदेशात एका गोष्टीची जास्त काळजी वाटते. काळ्या मसाल्याची तिखट शेवभाजी खाल्ली, छातीत जळजळलं, की दुकानातून पातळ औषधाची बाटली आणायची, ही घराघरातली सवय. त्या औषधात बहुधा ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. सध्याच्या एआरटीच्या गोळीतलं डोल्युटेग्राव्हिर त्यांना चिकटून बसतं आणि आतड्यातून रक्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून एआरटीची गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची वेळही केंद्रात विचारून घ्यावी. ही गोळी उपाशीपोटीही चालते. उपवासाच्या दिवशी ती चुकवायचं काहीच कारण नाही.

दुसरी काळजी पाण्याची. नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येणाऱ्या वस्त्यांत ते साठवूनच प्यावं लागतं. सीडीफोर फार खाली गेलेल्या माणसाला क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी महिनोन्‌महिने जुलाब लावतो, आणि क्लोरीनला तो दाद देत नाही. खळखळून उकळी आल्यावर मिनिटभर तशीच ठेवली की मरतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. या रस्त्यांवर आठ-आठ दिवस गाडी चालवणाऱ्याला उकळलेलं पाणी कुठून मिळणार? पोट बिघडलं की गोळ्यांमुळेच बिघडलं असं समजून तो त्या बंद करतो, आणि खरं नुकसान तिथे होतं. गोळ्या बंद करू नयेत. जुलाब दोन आठवड्यांपेक्षा जास्त चालले तर एआरटी केंद्रात सांगून शौचाची तपासणी करून घ्यावी. आयसोस्पोरा हा दुसरा परजीवी निघाला, तर त्यावरचं औषध आहे को-ट्रायमॉक्सॅझोल, आणि सीडीफोर कमी असलेल्यांना इतर संसर्ग टाळण्यासाठी ही केंद्रं तीच गोळी मोफत देतात.