एका चुकीचा नियम होतो

ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीने १९८७ मध्ये 'स्ट्रीट फायटर' हा द्वंद्वाचा व्हिडिओ खेळ काढला. परंतु त्यास कीर्ती लाभली ती १९९१ च्या दुसऱ्या खेळाने. त्यातील आठ योद्ध्यांत धालसीम हा भारतीय योगीही होता. या खेळाच्या जडणघडणीत असे आढळले की, कळ नेमक्या क्षणी दाबल्यास प्रतिस्पर्धी सावरण्यापूर्वीच त्याच्यावर दुसरा प्रहार होई. हे योजलेले नव्हते. तथापि निर्मात्यांनी ते तसेच राहू दिले. १९९३ च्या सुधारित आवृत्तीत अशा प्रहारमालिकांची गणना पडद्यावर दिसू लागली आणि त्याच या क्रीडाप्रकाराचे व्याकरण बनल्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या मालिकेच्या पाचव्या खेळाचे सुवर्णपदक ४४ वर्षांच्या किम ग्वान-वू या कोरियन खेळाडूने पटकावले. मुरलेल्या सरावाचेच हे फळ होय.