साम्राज्याच्या खेळात पाणी कुठे आहे?

दिवाळीच्या सुटीत माझा नववीतला भाचा आमच्याकडे राहायला आला होता. घरच्या संगणकावर तो तासन् तास ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळत बसे. मला त्याला रागवता येईना. कारण विद्यार्थिदशेत मी स्वतः याच खेळापायी कितीतरी रात्री जागवल्या आहेत. एकदा सहज त्याला विचारले, “तुझ्या राज्यात एवढी शेते आहेत, त्यांना पाणी कुठून येते?” तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “मामा, यात शेताला पाणी लागतच नाही!”

त्याचे उत्तर अगदी बरोबर होते. या लेखाचा विषय हेच उत्तर आहे.

अशा खेळांची घडण आधी समजून घेऊ. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी घडवलेला ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली आला. त्यात इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी तुम्ही एक वस्ती वसवता. भोवतालची जमीन चौकोनांत विभागलेली असते. प्रत्येक चौकोनातून काही अन्न मिळते आणि प्रत्येक नागरिक अन्नाचे २ घटक खातो. उरलेले अन्न कोठारात साठते आणि कोठार भरले की लोकसंख्या एकाने वाढते. वाढलेला माणूस आणखी एक चौकोन कसतो, त्यामुळे अन्न वाढते, पुन्हा माणसे वाढतात. १९९७ सालच्या ‘एज ऑफ एम्पायर्स’मध्येही अन्न, लाकूड, दगड आणि सोने जमवून हेच चक्र फिरवायचे असते.

वाढीतून आणखी वाढ, या प्रकाराला विज्ञानात धन प्रत्याभरण म्हणतात. चक्रवाढ व्याजाचे गणित हेच आहे. असे चक्र कायम चालू राहू शकत नाही, त्याला कुठेतरी मर्यादा येते. खेळातली मर्यादा कोणती ते पाहू या. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ (१९९९) मध्ये ६० लाकूड खर्चून शेत तयार होते आणि ते १७५ अन्न देऊन संपते. मग पुन्हा लाकूड मोजून पेरायचे. झाड एकदा तोडले की तिथे दुसरे उगवत नाही. म्हणजे शेती अखेर जंगल खाऊन चालते! जवळचे जंगल संपले की खेळाडू पुढच्या जंगलाकडे सरकतो, आणि तिथे दुसऱ्याचे राज्य असेल तर लढाई होते. टंचाईवरचा साम्राज्याचा उपाय म्हणजे आपली हद्द वाढवणे.

‘सिव्हिलायझेशन’मध्ये ओलिताची सोय आहे. पण तिचा नियम गमतीचा आहे. नदी, समुद्र किंवा आधीच ओलिताखाली आलेला चौकोन शेजारी असला की पुरे. म्हणजे एका नदीकाठच्या चौकोनापासून सुरुवात करून अख्खा खंड भिजवता येतो, आणि नदीचे पाणी थेंबभरही कमी होत नाही. या खेळात कारखान्यांचे प्रदूषण आहे, फार साचले तर पृथ्वी तापून सुपीक जमीन नापीक होते, इतका विचार १९९१ साली त्यात केलेला होता. पाण्याचा हिशेब मात्र राहून गेला.

याला चूक म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. प्रत्येक खेळ हे वास्तवाचे एक प्रतिमान असते आणि प्रतिमानात काहीतरी सोडावेच लागते. पृथ्वीच्या गोलावरही आपण झाडे दाखवत नाही. प्रश्न एवढाच, की जे सोडले आहे ते आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे का? मराठवाड्यातल्या किंवा नगरकडच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर सांगावे लागत नाही.

आता अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जाऊ. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आणि पाऊस साधारण ४०० मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा डोंगर उघडे होते, विहिरी लवकर आटत आणि लोक कामासाठी गाव सोडत. पुढे आदर्श गाव योजनेतून आणि श्रमदानातून डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले, नाल्यांवर बांध घातले गेले, झाडे लावली गेली. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाली. ही हकिगत बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या पोटातले गणित मात्र फारसे सांगितले जात नाही.

ते गणित फळ्यावर मांडता येते. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. म्हणून ९७६ हेक्टरवर ४०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ३९ लाख घनमीटर. आकडा मोठा वाटतो. पण यातले बहुतेक पाणी बाष्प होऊन जाते किंवा झाडेपिके वापरतात, आणि काही वाहून जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणात ढोबळमानाने दहावा हिस्सा मुरतो असे धरू. म्हणजे विहिरींच्या वाट्याला येतात ३.९ लाख घनमीटर.

आता ऊस लावून पाहू. उसाला वर्षभरात साधारण २००० मिलिमीटर पाणी लागते. पावसाचे सगळे ४०० मिलिमीटर थेट उसाला मिळाले असे मानले, तरी १६०० मिलिमीटर विहिरीतून द्यावे लागतील. म्हणजे हेक्टरी १६,००० घनमीटर. ३.९ लाखांना १६,००० ने भागा. उत्तर येते जेमतेम २४ हेक्टर! ९७६ पैकी २४ हेक्टर उसाने गावाचे मुरलेले सगळे पाणी संपेल आणि प्यायलाही उरणार नाही. चर व बांध यांनी मुरणाऱ्या पाण्याचा वाटा वाढतो, पण तो दुप्पट झाला तरी उसाचे उत्तर ५० हेक्टरांच्या आतच राहते.

गावाने ऊस, केळी यांसारखी जास्त पाण्याची पिके का टाळली आणि सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी का घातली, हे आता ध्यानात येईल. खोल बोअर घेणे म्हणजे खालच्या दिशेने हद्द वाढवणेच आहे. वर्षानुवर्षे भेगांमध्ये साठलेले पाणी त्यातून उपसले जाते, आणि शेजारच्या विहिरीचेही पाणी खाली खेचले जाऊ शकते. गावाला शिवार वाढवता येत नाही. मुरेल तेवढ्यातच भागवायचे असते.

खेळापासून शिकण्यासारखी एक गोष्ट मात्र इथे आहे. संगणकाच्या पडद्यावर, वरच्या कडेला, अन्न किती आणि लाकूड किती हे आकडे सतत दिसत असतात. खेळाडू ते पाहूनच निर्णय घेतो. भूजलाचा आकडा असा कुठेही दिसत नाही. हिवरे बाजारने तो दिसेल असा केला. पाऊस मोजायचा, विहिरींच्या पातळ्या मोजायच्या, पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवायचा आणि मग पिके ठरवायची. पिण्याचे पाणी आधी, शेतीचे नंतर.

हा खेळ वर्गात संगणकाशिवाय खेळता येईल. एका वाडग्यात ३० मणी ठेवा. हे गावाचे भूजल. वाडग्यात ४० हून जास्त मणी मावत नाहीत असे माना. वर्गाचे सहा गट म्हणजे सहा शेतकरी. दरवर्षी फासा टाका आणि पडलेल्या दानाच्या चौपट मणी वाडग्यात घाला. हा पाऊस. आधी पिण्यासाठी २ मणी काढा. मग ज्याने ऊस लावला त्याला ८ मणी लागतील व १० गुण मिळतील. ज्वारीला २ मणी व ४ गुण. कोरडवाहूला पाणी नाही, गुण १. पाणी पुरले नाही तर त्या पिकाचे गुण शून्य.

पहिल्या डावात फासा पडण्याआधी प्रत्येक गटाने आपले पीक गुपचूप चिठ्ठीवर लिहावे. दुसऱ्या डावात आधी फासा टाकावा, वाडग्यातले मणी मोजावेत आणि सर्वांनी मिळून पिके ठरवावीत. दोन्ही डाव दहा-दहा वर्षे खेळा आणि गावाच्या एकूण गुणांचा आलेख काढा.

सरासरी दान साडेतीन, म्हणून वर्षाला सरासरी १४ मणी येतात. सहाही गटांनी ज्वारी घेतली तर पिण्यासह खर्चही १४. एकाने ऊस लावला की खर्च २० होतो आणि वाडगा साधारण पाच वर्षांत रिकामा होतो. दोघांनी लावला तर किती वर्षे पुरेल, हे विद्यार्थ्यांना आधी कागदावर काढायला सांगा.

भाच्याबरोबर मी हा डाव घरीच मांडला. पहिल्याच वर्षी त्याने ऊस लावला, आणि चौथ्या वर्षी ‘आता शेजारचे वाडगे जिंकता येईल का?’ असे विचारले. तुमच्या वर्गातही कोणी हे नक्की विचारेल. त्या प्रश्नावर मुलांना बोलू द्या आणि चर्चा काय झाली ते आम्हाला जरूर कळवा.