मनगटातील अरुंद वाट

मध्यरात्र उलटून गेलेली असते. घर निजलेले असते आणि घरची गृहिणी मात्र उजवा हात झटकीत अंथरुणावर उठून बसते. आंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांना मुंग्या आलेल्या असतात. हात जणू आपला नव्हेच असे वाटते. चार वेळा झटकला की बरे वाटते. दिवसभर कणीक मळली, धुणे पिळले, त्याचा हा शीण, असे म्हणून ती पुन्हा आडवी होते. त्यात शिणाचा वाटा असतोही. परंतु पुष्कळदा दुखणे मनगटात आणि त्याचे एक कारण साऱ्या देहात, अशी स्थिती असते.

मनगटापाशी, तळहाताच्या आरंभी, एक बोगदा आहे. मनगटाच्या आठ लहान हाडांची कमान हा त्याचा तळ आणि एक चिवट अस्थिबंध हे त्याचे छत. या चिंचोळ्या वाटेने बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि 'मीडियन' नावाचा एक मज्जातंतू जातात. हाडे हटत नाहीत, छत फारसे ताणले जात नाही. म्हणून आत थोडी सूज आली तरी तिचा जाच मऊ मज्जातंतूला सोसावा लागतो. आंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेचा अर्धा भाग यांची संवेदना त्याच्या स्वाधीन असते. करंगळी त्याच्या कक्षेबाहेर असल्यामुळे ती बहुधा सुटते. या विकारास 'कार्पल टनेल सिंड्रोम' म्हणतात. मनगटाशी दाबल्या गेलेल्या या मज्जातंतूचे वर्णन इंग्लंडमधील शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्येच केले होते.

हाताचे अतिश्रम, गर्भारपण, संधिवात, थायरॉइड ग्रंथीची मंदगती ही या विकाराची परिचित कारणे होत. त्यांच्याच पंक्तीला मेदवृद्धी आणि मधुमेह बसतात. लठ्ठ व्यक्तींत हा विकार सर्वसाधारण वजनाच्या व्यक्तींपेक्षा सुमारे दुप्पट आढळतो. वाढलेल्या मेदामुळे आणि साचलेल्या द्रवामुळे बोगद्यातील दाब वाढत असावा, असे मानले जाते. मधुमेहाची रीत निराळी. रक्तातील जादा साखर कंडरांच्या तंतूंना चिकटून त्यांना जाड व ताठर करते. मज्जातंतूला पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्याही बिघडतात. म्हणजे एकीकडे वाट अरुंद होते आणि दुसरीकडे वाटसरूच दुबळा होतो. निरोगी मज्जातंतू जो दाब निमूटपणे सोसतो, तोच दाब याला असह्य होतो.

भारतात मधुमेहाचे रुग्ण दहा कोटींहून अधिक आहेत, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसून आले. त्यांपैकी अनेकांना आपल्या आजाराची वार्ताही नसते. अंगाने सडपातळ माणूसही त्यातून सुटतो असे नाही. म्हणून हाताला वारंवार बधिरता येत असेल, तर मनगटाबरोबर रक्तातील साखर आणि थायरॉइड यांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

मात्र वजन उतरले की मनगट आपोआप मोकळे होईल, अशा भरवशावर राहणे धोक्याचे आहे. आहार आणि व्यायाम यांचा लाभ साऱ्या शरीराला होतो. पण दबलेल्या मज्जातंतूवर स्वतंत्र उपचार लागतात. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी पुष्कळांना पुरते. काहींना मनगटात स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याने काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्यास तो डॉक्टरांना आधी सांगावा. एवढ्याने न भागल्यास बोगद्याचे छत कापून वाट मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात.

आंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होऊ लागला, हातातली वाटी निसटू लागली, सुईत दोरा ओवता येईना, की थांबण्याची वेळ सरली असे समजावे. फार काळ दबलेला मज्जातंतू मोकळा केल्यावरही पूर्ववत होईलच असे नाही. रात्री झटकून बरा होणारा हात वेळीच डॉक्टरांना दाखविला, तर हातही वाचतो आणि कित्येकदा लपून बसलेला मधुमेहही उघडकीस येतो.