लाकडी जमिनीची डागडुजी

कोकणातील जुनी घरे, पुण्या-नाशिकचे वाडे आणि मुंबईतील जुन्या चाळी यांच्या माडीवर अजूनही काही ठिकाणी लाकडी जमीन आढळते. तुळयांवर फळ्या ठोकून ती तयार केलेली असते. फळीला भोक पडले, की त्यावर सतरंजी अंथरून ते झाकण्याकडे अनेकांचा कल असतो. परंतु झाकल्याने भोक नाहीसे होत नाही. ते नजरेआड वाढत जाते आणि एखाद्या दिवशी घरातील लहान मुलाचा किंवा वृद्धाचा पाय त्यात अडकतो.

भोक बुजवण्यापूर्वी ते का पडले, हे शोधणे आवश्यक असते. लाकडातील गाठ निखळून पडलेले भोक फारसे धोक्याचे नसते. मात्र छप्पर गळून लाकूड सतत ओले राहिले, तर त्यावर बुरशी वाढते व ते कुजते. वाळवी तर लाकूड आतून पोखरते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. म्हणून भोकाभोवती पेचकसाचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतले, तर लाकूड नासले आहे असे समजावे. अशा वेळी आधी गळती थांबवावी व वाळवीचा बंदोबस्त करावा. तुळईच पोखरली गेली असेल, तर तेथे वावर बंद करून जाणकार सुतारालाच बोलवावे.

खिळ्याएवढे भोक घरच्या घरी बुजवता येते. भोक स्वच्छ करून त्याच जातीच्या लाकडाचा बारीक भुसा सुतारकामाच्या गोंदात घट्ट कालवून भरावा. हे मिश्रण वाळताना आक्रसते. म्हणून ते किंचित वर येईल इतके भरावे आणि पूर्ण वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावे.

भोक रुपयाच्या नाण्याएवढे असेल, तर लाकडाचा तुकडा बेताने तासून, गोंद लावून बसवावा. तुकड्याचे व फळीचे तंतू एकाच दिशेने असावेत. पावसाळ्यात लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ फुगत नाही. दिशा जुळली नाही, तर तुकडा सैल होतो किंवा तडकतो.

भोक याहून मोठे असल्यास फळीचा तेवढा भाग एका तुळईच्या मध्यापासून दुसऱ्या तुळईच्या मध्यापर्यंत कापून काढावा. त्यामुळे नव्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना आधार मिळतो. कापण्यापूर्वी खाली विजेच्या तारा नाहीत, याची खात्री करून घ्यावी. नवा तुकडा तेवढ्याच जाडीचा व चांगला सुकलेला असावा आणि तो स्क्रूने पक्का करावा.

दोन फळ्यांमधील बारीक फटी मात्र कडक मिश्रणाने भरू नयेत. उन्हाळ्यात त्या रुंदावतात व पावसाळ्यात मिटतात. लाकडाचा हा स्वभाव ओळखून केलेली डागडुजीच टिकाऊ ठरते.